शिवणीच्या फळीवरची आत्या

माणूस कलेकडे आतल्या हाकेने वळतो, असं मी पुष्कळ भाषणांतून ऐकलं आहे, आणि अलीकडे कुणी शाल-नारळ दिला तर मीही तसंच सांगते. खरी गोष्ट अशी, की मला हाक मारली ती कॉलेजच्या कारकुनाने. पहिलं वर्ष संपवून मी पेंटिंगला नाव घालायला खिडकीशी उभी होते. वहीवरून नजर न उचलता तो म्हणाला, "पेंटिंग भरलं ना ताई. मुद्राचित्रणात टाकून देऊ? तिथं जागाच जागा आहे." एवढी जागा का आहे, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी हो म्हटलं, त्याने लिहिलं, आणि त्या दोन सेकंदांत माझी कलेतली वाटचाल ठरली. वर्ध्यातल्या त्या कॉलेजचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथले लोक चांगले होते, आणि चांगल्या लोकांनी केलेल्या गोष्टी नाव घेऊन सांगू नयेत.

आमचं गाव सिंदी, पण कंसात 'रेल्वे' लिहिल्याशिवाय पत्र पोचत नाही. पुढे दुकान, मागे घर. दुकान लोखंडी सामानाचं: खिळे, कुलपं, विळे, बादल्या, बिजागऱ्या, साखळदंड. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरात सकाळ शटरची साखळी ओढल्याच्या आवाजाने होते. हंगामात कापसाच्या जिनिंगचा भोंगा, दिवसभर मालगाड्या, आणि मधेच तराजूत खिळे ओतल्याचा सर्रकन आवाज. या आवाजात कुणी कुणाशी हळू बोलू शकत नसे, त्यामुळे आमच्या घरात गुपितं टिकत नसत. ती सगळ्यांना ठाऊक असत आणि कुणी बोलत नसे, एवढंच. रात्री जेवताना मी नव्या विषयाचं नाव सांगितलं. बाबांनी घास थांबवून विचार केला आणि आईकडे वळून म्हणाले, "मुद्रा म्हंजे शिक्के. रबरी शिक्के. ग्रामपंचायतीले लागते, सोसायटीले लागते, शाळेले लागते. पोरगी काही येडी नाई."

मी समजावून सांगितलं. लाकडावर नाहीतर जस्ताच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्याला शाई लावायची, आणि कागदावर छापायचं. हे ऐकून तर बाबा ताटावरून अर्धे उठलेच. "म्हंजे छापखाना!" दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खिळ्यांबरोबर ही बातमी मोफत मिळाली. त्यानंतरची तीन वर्षं सिंदीतल्या ज्या ज्या घरी लग्न ठरलं, त्या त्या घरून कुणीतरी पत्रिकेचा मजकूर घेऊन माझ्याकडे आलं. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' उलट्या अक्षरांत कोरायला किती दिवस लागतात, हे मी नीट सांगत असे. लोक ऐकून घेत आणि जाताना म्हणत, "शिकून राह्यली ना अजून. येईन, येईन हळूहळू."

विभागात आम्ही तिघं विद्यार्थी होतो. त्यातला एक दिवाळीनंतर पोलीसभरतीला गेला तो परत आला नाही. दुसरा पुलगावचा, त्याचे वडील दारूगोळ्याच्या डेपोत होते, आणि तो फार हळू बोलायचा. राहिले देवतळे सर. सरांच्या ॲप्रनचा मूळ रंग कोणता होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता, "ठीक आहे", आणि तो ते वर्षातून एकदा, बहुधा मार्चमध्ये, काढायचे. एरवी काम बघून ते विचारायचे, "घरी काय धंदा आहे?" मी सांगितलं, लोखंडाचं दुकान. "चांगला धंदा आहे," सर म्हणाले, आणि पुढे गेले.

आमच्या विभागाची शान म्हणजे छापायचं यंत्र. भलंमोठं, लोखंडी, दोन रूळ, आणि बैलगाडीच्या चाकाएवढं चाक. मी यायच्या वर्षभर आधी ते ट्रकमधून आलं, नारळ फुटला, पाहुण्यांनी चाकाला हळदकुंकू लावून भाषण केलं, आणि मग लक्षात आलं की ते खोलीच्या दारातून चार बोटांनी जात नाही. भिंत फोडावी की यंत्र सुटं करावं, यावर मंडळाच्या बैठका सुरू झाल्या. तोवर यंत्र व्हरांड्यात ताडपत्रीखाली उभं राहिलं. शिपाई त्याच्या चाकावर ओला टॉवेल वाळत घालायचा. मी पास होऊन बाहेर पडले तेव्हा बैठका चालूच होत्या. म्हणजे आम्ही मुद्राचित्रण शिकलो ते चमच्याने. कोरलेल्या फळीला रोलरने शाई लावायची, वर कागद अंथरायचा, आणि जेवणाच्या चमच्याच्या पाठीने घोटत बसायचं, इंच इंच, तासभर. आजही मुलाखतीत मला कुणी विचारलं की तुमच्या कामात हा हाताचा स्पर्श कुठून येतो, तर मी गंभीर चेहरा करते. चार बोटांवरून येतो, असं सांगितलं तर मुलाखत तिथेच संपेल.

त्या चमच्यांपैकी निम्मे आमच्या घरचे होते, आणि ते गुपचूप माझ्या पिशवीत टाकायची वच्छाआत्या. बाबांची धाकटी बहीण. तिच्याबद्दल आमच्या घरात ठरलेलं वाक्य होतं, 'वच्छा चार दिवस आरामाले आली आहे'. पाहुण्यांना हेच सांगायचं. ती आर्वीहून, सासरहून आली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, आणि मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा तिच्या आरामाला बावीस वर्षं झाली होती. आराम करायला आलेली ही बाई पहाटे साडेचारला उठायची, पाणी भरायची, अंगण सारवायची, दुकानातल्या गड्यांसकट सात माणसांचा स्वयंपाक करायची, आणि माझा डबा सातच्या पॅसेंजरच्या आधी बांधून ठेवायची. तिच्या हातचा गोळाभात खाऊन पुलगावचा तो हळू बोलणारा मुलगा एकदा चक्क मोठ्याने बोलला होता. नवऱ्याने दुसरी केली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ठाऊकही होतं. घरातल्या एकाही फोटोत आत्या नव्हती. फोटो निघायचा तेव्हा ती चहा ठेवत असायची.

दिवसातला एक तास तिचा होता. दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, बाबा दुकानात मान टाकून घोरायला लागले, आई आडवी झाली, की आत्या परसात जायची. तिथे कोपऱ्यात चुलीसाठी पऱ्हाटीचा, कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग रचलेला असायचा. त्याच्या आडोशाला, पाय पसरून, पदर खांद्यावर टाकून ती बिडी ओढायची. सगळ्यांना ठाऊक होतं. परसात बिडीचा वास आला की आई म्हणायची, "शेजारच्यानं कचरा जाळला वाटते." बावीस वर्षं शेजारी रोज दुपारी कचरा जाळत होते.

तिसऱ्या वर्षी मी परीक्षेसाठी बैलजोडी कोरत होते. सरांनी ती पाहिली आणि विचारलं, "तुमच्याकडं बैल आहेत?" मी नाही म्हटलं. "मग कोणाचे बैल घेऊन बसली? घरात माणसं नाहीत का?" सर फार चांगले शिक्षक होते, हे मला कळायला वीस वर्षं लागली. त्या दिवशी मला ते फक्त खवचट वाटले. रागारागात मी घरी आले आणि दुपारी कागद-पेन्सिल घेऊन पऱ्हाटीच्या ढिगाशी जाऊन बसले. आत्याने बिडी पाठीमागे लपवली.

"ओढ ना," मी म्हटलं. "मी कोणाले सांगून नाई राह्यली."

"माहं काऊन काढतं वं? तुह्या मायचं काढ. ते दिसाले बरी आहे."

"तिले बसाले वेळ नाई."

"अन् मले लय आहे!" आत्या म्हणाली, आणि हसली.

मी तिला असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. वरचे दोन दात पडलेले, गाल आत गेलेले, डोळे मिटलेले, नाकपुडीतून धूर, आणि अख्खं अंग हलत होतं. आवाज मात्र नव्हता. दुकानापर्यंत ऐकू जाऊ नये म्हणून इतक्या वर्षांत तिने मुकं हसायची सवय करून घेतली होती. मी चार दुपारी बसले. ती काहीबाही सांगायची: शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी, देवळातल्या पुजाऱ्याच्या नकला, बाबा घोरताना तोंडाचा कसा भोंगा होतो ते करून दाखवायची. आमच्या घरात एवढी विनोदी बाई राहते, हे मला विसाव्या वर्षी समजलं. घरातली माणसं बघायची नजर मला किती आहे, याचा तो पहिला पुरावा.

शिवणीच्या लाकडाची फळी घेतली, मऊ असते, सुरी ऐकते. महिनाभर कोरलं. सुरकुत्या मी एकेक करून काढल्या, धुराला पांढरं सोडलं, पऱ्हाटीच्या काटक्या मागे काळ्या उभ्या केल्या. मग चमच्याने घोटून दहा प्रती काढल्या. खाली पेन्सिलने एक-दहा, दोन-दहा असे आकडे घातले आणि नाव लिहिलं, 'आत्या, दुपारी'. सरांनी पहिली प्रत उजेडात धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाले, "ठीक आहे." डिसेंबर होता. मला रडू आलं.

सरांनी मला न विचारता एक प्रत नागपूरच्या प्रदर्शनाला पाठवली, आणि मी आत्याला न विचारता गप्प राहिले. दोन महिन्यांनी चित्राला बक्षीस लागलं. तोवर ठीक होतं. आमच्या घरी बक्षिसांना कुणी आक्षेप घेत नसे. पण सोमवारच्या वर्तमानपत्रात, आतल्या पानावर, चांगलं हातभर चित्र छापून आलं. खाली माझं नाव, माझ्या गावाचं नाव कंसातल्या रेल्वेसकट, आणि चित्राचं नाव. शंकेला जागा राहू नये याची मी स्वतःच काळजी घेतली होती.

मी कॉलेजातून संध्याकाळच्या गाडीने आले तेव्हा दुकानाचं अर्धं शटर खाली होतं. असं आमच्याकडे फक्त मयत झाल्यावर करत. दिवसभर गावाला अचानक खिळ्यांची गरज पडली होती. पावशेर खिळे, एक बिजागरी, आणि जाताना, "भाऊ, वच्छाबाईचा फोटू मस्त आला." हिंगणघाटचे जे पाहुणे रविवारी मला बघायला येणार होते, त्यांचा शेजारच्या एसटीडी बूथवर फोन आला होता, की मुलाची सध्या लग्नाची इच्छा नाही. मुलाची इच्छा सकाळी पेपर येईपर्यंत होती.

बाबा मधल्या खोलीत बसले होते. मी दाखवायला म्हणून घरी आणलेली एक प्रत त्यांच्या हातात होती. आईने ती माझ्या ट्रंकेतून काढून दिली असावी. ते ओरडले नाहीत. त्यांनी ती प्रत माझ्यासमोर धरली, मधोमध फाडली, मग आडवी फाडली.

"झालं?" बाबा म्हणाले. "संपलं."

आता इथे शहाणी मुलगी गप्प बसली असती. पण दोन वर्षं मला एकच गोष्ट शिकवली गेली होती, आणि ती माझ्या तोंडून निघून गेली. "बाबा, अजून नऊ आहेत."

"नऊ?" आई दारातून म्हणाली आणि खालीच बसली.

माझ्या विषयाचा अर्थ बाबांना त्या क्षणी बरोबर कळला. "उद्यापासून कॉलेज बंद," ते म्हणाले. "परीक्षा नाई, काही नाई. घरात बस. ज्या बाईनं बावीस वर्षं खाली मान घालून काढले, तिले तू चौकात बिडी घेऊन उभी केली. तिले काय वाटलं असन, इचारलं?"

विचारलं नव्हतं. ते फार खरं होतं आणि म्हणून मला फार राग आला. मी म्हणणार होते की तुम्ही तरी बावीस वर्षांत काय विचारलं, पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून आत्या आली, ओले हात पदराला पुसत. तिला दिवसभर कुणी पेपर दाखवला नव्हता. सगळ्या सिंदीने पाहिला होता, तिने सोडून. तिने कोनाड्यातून तो उचलला, हात लांब करून दिव्याखाली धरला. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो. एक मालगाडी आली आणि पूर्ण गेली.

"माहा गालावरचा मस डाव्या अंगाले आहे," आत्या म्हणाली. "हा उजव्याले कसा गेला?"

"छापल्यावर उलटं होते," मी म्हटलं.

"असं होय." तिने पुन्हा पाहिलं. "म्हंजे लोकाईले मी अशी दिसतो."

आमच्याकडे बायकाही 'मी दिसतो', 'मी जातो' म्हणतात. पुढे पुण्याच्या एका विदुषींनी मला हे व्याकरणाने चूक असल्याचं समजावून सांगितलं. आत्याला कुणी समजावलं नव्हतं.

"वच्छे, तू आत जाय," बाबा म्हणाले. "मी पायतो काय कराचं ते."

आत्या गेली नाही. "नऊ आहे म्हणते ना हे? त्यातलं एक मले पाहिजे."

"कायले?"

"आर्वीले नेतो."

बाबांचं तोंड उघडं राहिलं. आईने "अवं बाई" एवढंच म्हटलं. त्या गावाचं नाव आमच्या घरात कापसाच्या भावापुरतं घेतलं जाई. बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला वाटतं, बहिणीने काही मागितलं तर काय करतात, याचा त्यांना सरावच नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही निघालो. आत्याने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. वर्ध्याला कॉलेजात जाऊन मी एक प्रत घेतली, पेपरात गुंडाळली, आणि आम्ही आर्वीची एसटी धरली. गुंडाळी तिने मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरली होती. अर्ध्या वाटेपर्यंत ती खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले माहीत आहे, त्यानं मले काऊन पाठवलं?"

मी म्हटलं, नाही.

"पाच वर्सं होतो मी तिथं. एक दिवस माह्या बापाले बोलावलं अन् चार मानसाईत सांगतलं, हे बाई हासतच नाई. घरात मढं बसल्यावानी वाटते. घेऊन जा, चार दिवसानं आणाले येतो." तिने मांडीवरची गुंडाळी सरळ केली. "सासूच्या घरी हासाले काय होतं वं? अन् बापानं मान हालवली. म्हणे, हो, लहानपणापासून अशीच आहे."

कलावंत असल्यामुळे मी तिच्या हाताच्या शिरा पाहिल्या.

आर्वीत बाजाराच्या मागच्या गल्लीत सायकलीचं दुकान होतं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेला, पोट सुटलेला माणूस पंक्चर काढत होता. लहानपणापासून मी ज्याला मनात मिशीवाला राक्षस करून ठेवलं होतं, तो हा. आत्या त्याच्यासमोर हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर, आणि म्हणाली, "चित्र दाखवाले आणलं."

"कोन्या शाळेतून आल्या?" तो म्हणाला. वर्गणीवाल्या बायका समजला असावा. हात पुसून त्याने प्रत घेतली, चष्मा सरळ केला, जवळ धरली, लांब धरली. "मस्त काढली," तो म्हणाला. "बिडी तर पाय कशी वढून राह्यली! कोण होय हे बाई?"

आत्या त्याच्या चष्म्याच्या दोऱ्याकडे बघत राहिली.

"आमच्या गावची नाई दिसत," त्याने निकाल दिला, आणि आत वळून हाक मारली, "अवं, इकडं ये. पाय, गंमत पाय."

आतून त्याची बायको आली. उंच, हाडकुळी, कोपरापर्यंत पीठ लागलेली. तिने चित्र पाहिलं. मग मान वर करून आत्याकडे पाहिलं, मग परत चित्राकडे. तिला दोन श्वासांइतकाही वेळ लागला नाही.

"घरात या," ती आत्याला म्हणाली. "उन्हात काऊन उभ्या?"

स्वयंपाकघरात तिने आम्हाला पाट दिले, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. चित्र तिने ओट्यावर डब्याला टेकवून उभं केलं होतं.

"मी वळखतो तुमाले," ती म्हणाली.

"कुठं पायलं?"

"पायलं नाई. आयकून राह्यली, लग्न झालं तवापासून." तिने बाहेर दुकानाच्या दिशेने हनुवटी केली. "रोज आयकवते मानूस. पयली कशी हासत राहे. पयली हासली का घर भरून जाय. तुले हासता येत नाई म्हणते. मढं बसल्यावानी बसतं म्हणते."

चहा उतू गेला. कुणी उठलं नाही. आत्या त्या बाईकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, जसं कुणी तिच्या हातून जड वस्तू काढून घेतली आणि हात अजून तसेच राहिले. मग तिच्या खांद्यांपासून ते सुरू झालं. मला वाटलं ती रडते. ती हसत होती, आणि या वेळी आवाज होता. घोगरा, मोठा, दोन दात नसलेल्या तोंडातून शिट्टी मारत येणारा. ती दुसरी बाई आधी घाबरली, मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि मग तीही पिठाचे हात गुडघ्यांवर आपटत हसायला लागली.

"काय झालं वो?" बाहेरून तो ओरडला.

"काही नाई!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि पुन्हा सुटल्या.

निघताना आत्याने चित्राकडे बोट केलं. "हे तुह्यापाशी ठेव. भितीले लाव. अन् त्यानं कधी इचारलं, कोण हाय, तर सांगू नको."

आर्वीच्या स्टँडवर तिने गरम भजी घेतली आणि एकटीने सगळी खाल्ली. मला दोन मिरच्या दिल्या. बसमध्ये ती झोपली. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं, आणि मी आयुष्यातली पहिली मोठी कलासमीक्षा ऐकून आले होते. त्यानंतर बऱ्याच ऐकल्या. काही इंग्रजीत होत्या. एवढी समज कुणालाच नव्हती.

संध्याकाळी घरी पोचलो. आईने वरण-भात करून ठेवला होता, आणि तो कसा झाला होता हे मी लिहीत नाही, ती आता नाही. बाबा ताटावर बसले. आत्या नेहमीसारखी वाढायला उभी राहिली. मग बाबा भाताकडे बघत म्हणाले, "काय म्हणला तो?"

"काही नाई. त्याले वळखू आलं नाई."

बाबांनी भाताचा घास केला, तो तसाच ताटात ठेवला. "मले बी कुठं आलं होतं," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की आमच्या घरात तसा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. "सोमवारी दुकानात पेपर उघडला. पायलं. म्हटलं, कोण आहे ही बाई. मंग खाली नाव वाचलं पोरीचं. तवा समजलं. बावीस वर्सं रोज हिच्या हातचं खाऊन राह्यलो, वच्छे, अन् नाव वाचा लागलं."

आत्याने त्यांच्या ताटात वरण घातलं. जरा जास्तच घातलं, ताटाबाहेर आलं. "जेव," ती म्हणाली. "निवून राह्यलं."

कॉलेजबद्दल कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात निर्णय मागे घेतला जात नसे. तो घेतलाच नव्हता असं सगळे वागायचे. सकाळी डबा बांधलेला होता. मी चपला घालत होते तेव्हा बाबा दुकानाची साखळी ओढत होते, माझ्याकडे पाठ करून. पाठ तशीच ठेवून ते म्हणाले, "आयक. माहं काढशीन तर पयले सांगजो. मी दाढी करून बसतो."

मी हो म्हटलं आणि गाडीसाठी पळाले. मग परीक्षा झाली, मग बडोद्याचं पुढचं कलाशिक्षण झालं, मग प्रदर्शनं, नोकरी, कलेचे मोठमोठे प्रश्न. त्यात मी तलाव कोरले, गिरण्या कोरल्या, न पाहिलेल्या युद्धांतले लोक कोरले. सुट्टीत घरी यायचे तेव्हा बघायचे, की दर रविवारी सकाळी बाबा गुळगुळीत दाढी करून, धुतलेला सदरा घालून, दुकानाच्या ओट्यावर तासभर नुसते बसून राहतात. शेवटच्या आजारपणापर्यंत त्यांचा तो नेम चुकला नाही. मला वाटायचं, रविवार आहे म्हणून.